राहून गेलेलं बाळंतपण

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या मराठी घरांत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की पहिला निरोप रमाबाई ढोमण्यांकडे जायचा, आणि बहुतेक वेळा निरोप पोचायच्या आत रमाबाईच त्या घरी पोचलेल्या असायच्या. पदर खोचलेला, पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली आणि ओव्याची पुडी. दारातूनच विचारायच्या, "पाणी ठेवलं काय वं?" कुणी ठेवलेलं नसायचं. मग घरातल्या झाडून सगळ्यांचा उद्धार व्हायचा, त्यात नवा बाप सगळ्यात आधी. तो बिचारा रात्रपाळी करून आलेला असायचा, पण रमाबाईंपुढे बोलायची प्लँटमधल्या साहेबांची टाप नव्हती, तिथे याची काय असणार.

हे काम त्यांच्या अंगावर आलं ते गावामुळे. नागपूर, भंडारा, वर्ध्याकडची माणसं पोलादाच्या प्लँटमध्ये नोकऱ्या लागल्या म्हणून इथे क्वार्टरांत येऊन राहिली. बायकांच्या आया तिकडे, सासवा तिकडे. दिवस भरले की शेजारणींनीच एकमेकींना सांभाळायचं. पुढे शेजारणी एकेक करून मुलांकडे पुण्या-बंगळुराला निघून गेल्या, आणि रमाबाई तेवढ्या उरल्या. त्यांचा हात होताच तसा, जड पण मऊ. बाळंतिणीला पाटावर बसवायचं, पाठीला-कमरेला तेल जिरवायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, मग बाजेवर निजवून खाली सिगडी ठेवून शेक द्यायचा आणि शेवटी जुन्या सुती लुगड्याने कंबर आवळून बांधायची. "जिची कंबर बाळंतपणात बांधली गेली, तिची कंबर जन्मभर तिची," असं त्या सांगायच्या, "नाही बांधली, तिची मग डॉक्टरची." सगळ्या बायका हसायच्या. रमाबाई हसायच्या नाहीत, कारण त्यांच्या लेकीची कंबर बांधायची राहिली होती.

अपूर्वा आयर्लंडला होती, कॉर्क नावाच्या गावी. तिथे एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये ती, आणि नवरा अनिमेष कॉम्प्युटरमध्ये. तिच्या मुलाच्या, कौस्तुभच्या, जन्माच्या वेळी रमाबाईंचा व्हिसा आला होता, तिकीट निघालं होतं, बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं भरून झालं होतं. निघायच्या आठवड्यात सूर्यकांतरावांची उजवी बाजू गेली. रमाबाईंनी बॅग रिकामी केली आणि नवऱ्याची सेवा करायला बसल्या. ती सेवा चार वर्षं पुरली. मग सूर्यकांतराव गेले आणि तोवर कौस्तुभ शाळेत जायला लागला होता. राहिलं ते राहिलंच.

म्हणून अपूर्वाचा फोन आला की आई, माझी कंबर धरली आहे, डावा पाय मांडीपासून अंगठ्यापर्यंत जळतो, पाच मिनिटं खुर्चीत बसवत नाही, तेव्हा रमाबाईंचं निदान ताबडतोब झालं. एमआरआयमध्ये काय ती कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आलेली दिसली होती. रमाबाईंना एमआरआय कशाला हवा? "बाळंतपणात बांधली नाही ना कोणी," त्या म्हणाल्या, "मंग होईन नाही तर काय."

तिकडे मोठ्या डॉक्टरांची नुसती भेट मिळायला कितीतरी महिने होते. गोळ्या खाऊन अपूर्वा झोपेत चालल्यासारखी लॅबला जायची. शेवटी अनिमेषनेच विचारलं की रायपूरला चांगले सर्जन आहेत, आई जवळ आहे, तिकडेच का नाही करत? करायचं ठरलं. पुरतं बरं व्हायला दीड-दोन महिने आईकडे, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा परतीचं विमान.

फोन ठेवल्यावर रमाबाईंना रडू आलं. पोरगी दुखण्याने तळमळत होती, त्याचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या पोटात आनंदही होता. त्यांनी तो झटकायचा प्रयत्न केला, देवापुढे दिवा लावला, स्वतःला दोन शिव्या घातल्या. आनंद काही हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुपेल्याच्या बाजारात गेल्या आणि डिंक घेऊन आल्या.

अपूर्वा विमानात निम्मा वेळ मागच्या बाजूला उभी राहून आली. रायपूरच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आली तेव्हा रमाबाईंना ती ओळखू येईना, इतकी वाळली होती. गाडी घेऊन आला होता देवीदास, रमाबाईंचा धाकटा भाऊ, चरोद्याच्या यार्डातून रिटायर झालेला रेल्वेवाला. त्याने मागची सीट आडवी करून गादी घातली होती. अपूर्वा त्यावर कुशीवर निजली आणि तशीच भिलाईपर्यंत आली.

ऑपरेशन मात्र झटक्यात झालं. बोटाच्या दोन पेरांएवढी चीर, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी आपल्या पायाने वॉर्डात चालत होती. पायातली जळजळ गेली म्हणून ती रडली, आई रडली, देवीदासमामाने बाहेर जाऊन नाक पुसलं. डॉक्टर तरुण होते, घाई नसल्यासारखे बोलायचे. घरी सोडताना त्यांनी नियम सांगितले. वाकायचं नाही. पाण्याची बादली तर सोडाच, भरलेली कळशीही उचलायची नाही. जमिनीवर, पाटावर, कशावरही खाली बसायचं नाही. उभ्याने अंघोळ. मालिश अजिबात नाही. "टाँके ऊपर के सूख जाएँगे, अंदर का टाइम लगता है," ते म्हणाले. रमाबाईंनी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

आणि पाळलंही त्यांनी, उगीच नावं ठेवू नयेत. पहिले काही आठवडे रमाबाई त्या नियमांच्या राखणदार होत्या. अपूर्वाच्या हातून चमचा पडला तरी "हात नको लावू!" म्हणून स्वयंपाकघरातून ओरडायच्या. सकाळी कोवळ्या उन्हात मायलेकी गल्लीतून फिरायच्या, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडापर्यंत आणि परत. ओळखीच्या बायका फाटकाशी थांबवायच्या, अपूर्वा हसून बोलायची. गालांवर मांस धरायला लागलं. डिंकाचा लाडू पुढे केला की ती म्हणायची, "आई, मेरी डिलिव्हरी थोडी हुई है," आणि रमाबाई म्हणायच्या, "तोंड बंद कर अन् खा." संध्याकाळी कौस्तुभचा फोन यायचा. तो आजीशी इंग्रजीत बोलायचा, आजी त्याच्याशी मराठीत, आणि दोघांचंही अगदी छान चालायचं.

टाके निघाले. चिरेची जागा सुकून नुसती गुलाबी रेघ राहिली. रमाबाई रोज ती रेघ निरखून पाहायच्या.

एका सकाळी फिरून आल्यावर अपूर्वा बाजेवर कुशीवर पडली होती आणि रमाबाई तिचे केस विंचरत होत्या. ती बाज देवीदासने चरोद्याहून आणून दिली होती. बोलता बोलता कौस्तुभच्या जन्माची गोष्ट निघाली. अपूर्वाने ती आधी कधी सांगितली नव्हती.

"तिसऱ्या दिवशी मी सिंकपाशी उभी राहून भांडी घासून राहिली होती, आई. अनिमेष दुकानात गेलेला. बाळ रडे, मी पण रडे. तो आला, म्हणे, क्या हुआ, दुखतं आहे का? मी म्हटलं, नाही रे. मले फक्त तेल लावून पाहिजे कोणी."

रमाबाईंचा हात थांबला. सगळ्या सेक्टरच्या लेकी न्हाऊ घातल्या आपण, आणि आपली लेक परक्या मुलखात ओल्या अंगाने भांडी घासत होती.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पाणी ठेवते."

"कशाचं पाणी?"

"टाके सुकले ना आता? आज तुले न्हाऊ घालते. नीट, पाटावर बसवून."

"आई, डॉक्टरनी खाली बसू नको म्हटलं. अन् मालिश पण नाही."

"डॉक्टर बाप्या माणूस. त्याचं कधी बाळंतपण झालं काय? मी काय तुले आपटून राहिली का धोबीघाटावर? हलक्या हातानं करते. कंबर बांधू आपण, म्हणजे पुन्हा काही उपटणारच नाही."

अपूर्वाने आईकडे पाहिलं. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं असावं, पण आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून ती नाही म्हणू शकली नाही. शिवाय तिलाही ते हवं होतंच, सहा वर्षांपासून.

न्हाणीघरात सिगडीवर पाण्याचा पितळी गुंड चढला, वाफेने खिडकीची काच पांढरी झाली. आईच्या खांद्याला धरून अपूर्वा हळूहळू पाटावर बसली, गुडघे पोटाशी आले, मान खाली घातली. रमाबाईंनी तेल कोमट करून तिच्या पाठीवर सोडलं. मग त्यांचे अंगठे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेले, कमरेपाशी गोल फिरले, गुलाबी रेघेला वळसा घालून पुन्हा वर आले. अपूर्वा रडायला लागली.

"दुखते काय?"

"नाही. थांबू नको."

न्हाऊन झाल्यावर तिला बाजेवर निजवलं, खाली निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकला, खोली धुराने भरली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने रमाबाईंनी तिची कंबर आवळून बांधली आणि वरून दुलई घातली. दुपारी प्लँटचा भोंगा झाला तरी पोरगी जागी झाली नाही. रमाबाई दाराशी बसून तिचा श्वास ऐकत राहिल्या. सूर्यकांतरावांच्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "झालं हो." इतकं सुख त्यांना नवरा गेल्यापासून झालं नव्हतं, आणि त्याच्या आधीची चार वर्षंही नाही.

मग ते रोजचंच झालं. अपूर्वा आता स्वतःच म्हणायची, "पाणी ठेवलं काय?" झोप चांगली लागत होती, मन हलकं झालं होतं. डॉक्टरांना हे सांगायचं कारण दोघींनाही दिसलं नाही.

आठवडाभराने एकदा न्हाऊन पाटावरून उठताना अपूर्वाने एकदम नळ धरला. "काही नाही, लचक भरल्यासारखं झालं," ती म्हणाली. रमाबाईंनी त्या दिवशी शेक जरा जास्त दिला आणि पट्टा जरा जास्त आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी फिरायला निघाल्या. अपूर्वा पुढे, फाटकाजवळ. रमाबाई दाराला कुलूप लावून वळल्या तर व्हरांड्यात अपूर्वाची डावी चप्पल पडलेली.

"अप्पू, चप्पल."

अपूर्वा वळली. खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी मातीवर. चप्पल पायातून निसटली आणि ती अनवाणी चालत फाटकापर्यंत गेली, हे तिला कळलंच नव्हतं. तिने डाव्या पायाचा पंजा उचलायचा प्रयत्न केला. टाच जमिनीवर राहिली आणि पंजाही जमिनीवरच राहिला. पुन्हा केला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, उचलत नाही आहे," ती म्हणाली.

देवीदास तासाभरात गाडी घेऊन आला. रायपूरच्या रस्त्यावर रमाबाई पुढच्या सीटवर बसून आपले हात पाहत होत्या. पदराला पुसले तरी तेलाचा वास जात नव्हता.

डॉक्टरांनी अपूर्वाला टेबलावर निजवलं, तळवा धरून म्हणाले, "ऊपर उठाइए." ती दात आवळून उचलत होती, पाय तसाच. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापर्यंत, त्यांनी टाचणी टोचत नेली. तिला ती कळत नव्हती. तीच गादी तिथेच पुन्हा बाहेर आली असणार, ते म्हणाले, नसेवर दाब पडला आहे, एमआरआय काढून आजच ऑपरेशन करायला हवं. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, कुणावर ठपका ठेवायचा नसल्यासारखं, "झुकी थीं कहीं? नीचे बैठना, मालिश, ऐसा कुछ?"

रमाबाईंनी श्वास घेतला. सांगायला शब्द तयार होते.

"नहीं," अपूर्वा म्हणाली. "परसों जोर की छींक आई थी. उसके बाद से."

"हो जाता है छींक से भी," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. "कुछ लोगों को कितना भी सँभालो, दोबारा हो जाता है."

बाहेर बाकड्यावर, एमआरआयचा नंबर लागायची वाट पाहताना, रमाबाई म्हणाल्या, "अप्पू, सांगून दे त्यायले खरं."

"काय सांगू?"

"मी जे केलं ते. माह्या हातानं..."

"आई, मले पाणी आणून दे बरं," अपूर्वा म्हणाली. रमाबाई पाणी घेऊन आल्या तोवर तिला आत नेलं होतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर दुखणं गेलं, पण पाय उठला नाही. अंगठा जरासा हलायचा आणि थकून पडायचा. पावलाच्या वरचं कातडं बधिर राहिलं. "साल भर में थोड़ा-बहुत लौट सकता है," डॉक्टर म्हणाले, "वादा नहीं करूँगा." चालताना पंजा घसटू नये म्हणून एक प्लास्टिकचं स्प्लिंट दिलं, पोटरीमागून तळव्याखाली जाणारं, वर दोन पट्टे. अपूर्वा ते घालून चालली की टाइलवर टकटक आवाज यायचा. कॉर्कला तिची गाडी होती, डाव्या पायाने क्लच दाबायची. घरापासून लॅबपर्यंत बस जात नव्हती. कौस्तुभ रस्त्यावर पळत सुटला तर त्याच्यामागे आता कोण धावणार होतं? हे सगळं अपूर्वाने बोलून दाखवलं नाही. रमाबाईच स्वयंपाक करता करता एकेक आठवायच्या आणि पोळी करपायची.

पुन्हा तेच घर, तीच बाज, तेच फाटक. पण रमाबाई आता लेकीला हात लावत नव्हत्या. अपूर्वा उंच स्टुलाला धरून उभ्याने अंघोळ करायची, रमाबाई न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभ्या राहायच्या, पाणी पडल्याचा आवाज ऐकत. सिगडी त्यांनी मागच्या अंगणात नेऊन ठेवली. समोरच्या प्रेरणाला मुलगी झाली, निरोप आला, तर रमाबाईंनी मला सर्दी आहे असं सांगितलं. दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हाही सर्दीच होती.

दोनदा-तीनदा त्यांनी विषय काढायचा प्रयत्न केला. भाजी निवडताना, औषध देताना. "अप्पू, त्या दिवशी मी..." इथवर आलं की अपूर्वा उठायची, नाहीतर म्हणायची, "आई, कौस्तुभचा फोन येऊन राहिला असन." ती आईला सांभाळून घेत होती की आईचं तोंड बंद करत होती, हे रमाबाईंना कळेना. चिडली असती, चार शब्द लावून बोलली असती, तर त्या तिच्या गळ्यात पडून रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण पोरगी चिडत नव्हती. पोरगी गोड बोलत होती, आणि त्या गोड बोलण्याने रमाबाई रोज थोड्या थोड्या खचत होत्या.

भेटायला मराठी मंडळातल्या बायका यायच्या. पाय पाहून चुकचुकायच्या, शिंकेने असं होतं हे ऐकून गालाला हात लावायच्या. अपूर्वा प्रत्येकीला सांगायची, "आईनं खूप केलं माझं. एवढं कोणी नाही करत." बायका रमाबाईंकडे कौतुकाने पाहायच्या. रमाबाई चहाचं निमित्त काढून आत जायच्या आणि ओट्याला धरून उभ्या राहायच्या. चहा दोनदा उतू गेला.

देवीदासच्या मात्र लक्षात आलं होतं. एकदा मागच्या अंगणात सिगडी पाहून तो म्हणाला, "ताई, तू तिले न्हाऊ घालत होती ना?" रमाबाईंनी मान हलवली. देवीदास मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतेच ना, छींकेनं पण होते. कोणाले माहीत?"

"मले माहीत आहे," रमाबाई म्हणाल्या.

"तिले बोलली का?"

"बोलू देत नाही."

"मंग जाऊ दे ना. तिनंच सोडलं असन."

"सोडलं असतं, तर बोलू दिलं असतं रे," रमाबाई म्हणाल्या. देवीदासने सिगडी उचलून छपरीत नेऊन ठेवली.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा डॉक्टरांनी विमानाला होकार दिला. तासातासाला उठून चाला, पाण्याची बाटली जवळ ठेवा, व्हीलचेअर मागून घ्या. तिकीट झालं. रमाबाईंनी लोणचं, पापड, मेतकूट बांधलं. डिंकाचे लाडू बांधायला त्यांचा हात धजला नाही, आणि अपूर्वानेही मागितले नाहीत. आज, निदान निघता निघता तरी, बोलायचंच, असं रमाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पोरगी विमानात बसली की हे कायमचं आत राहणार. फोनवर असं बोलता येत नाही, आणि पुन्हा ती कधी येईल, आपण तोवर असू की नाही, कोणी सांगावं?

निघायची वेळ झाली. देवीदासने बॅगा डिकीत ठेवल्या. अपूर्वा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती, डावा पाय समोरच्या स्टुलावर, हातात फोन. पलीकडे कौस्तुभ, नुकताच उठलेला, केस उभे. त्याचा पुढचा दात पडला होता आणि तो तोंड उघडून दाखवत होता.

"आई," अपूर्वा फोनवरून नजर न काढता म्हणाली, "तेवढं स्प्लिंट बांधून देते काय? मले वाकता येत नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने आईला आपल्या अंगाला हात लावायला सांगितलं होतं. रमाबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या. पाऊल समोर होतं, थोडंसं एका बाजूला कललेलं, जसं झोपलेल्या मुलाचं असतं. हेच पाऊल त्यांनी हजार वेळा धुतलं होतं, त्यात पैंजण घातले होते, सेक्टरच्या शाळेच्या गणवेशातले मोजे चढवले होते. आता ते त्यांच्या हातून निकामी झालं होतं. वर पोरगी मुलाशी हसत होती. "दिखा, दिखा, जीभ लगाके मत छेड उसको."

रमाबाईंनी तोंड उघडलं. एवढे दिवस घोकलेलं एकही वाक्य वर येईना. मग त्यांनी दोन्ही हात त्या पावलावर ठेवले. वरच्या बाजूवर, घोट्यापासून अंगठ्यापर्यंत, दोन्ही तळवे टेकवले, आणि कपाळ त्या हातांवर वाकवलं. आईने लेकीच्या पायाला असा हात लावायचा नसतो. लेकीला पाप लागतं म्हणतात. एरवी अपूर्वाने पाय झटकन मागे घेतला असता. ती घेईल, रागावेल, विचारेल, आई काय करून राहिली तू, आणि मग सगळं बोलता येईल, असं रमाबाईंना वाटलं. त्या थांबल्या. अंगठा त्या पावलावरून हळूहळू गोल फिरवत राहिल्या, जसा कमरेवर फिरवत होत्या तसाच. मनात म्हणाल्या, माफ कर मले पोरी. डोळ्यांतलं पाणी हातांवर पडलं, बोटांमधून वाहून पावलावर गेलं. पाय हलला नाही.

बाहेर देवीदासने हॉर्न दिला.

"चल बेटा, रखती हूँ, गाडी आली," अपूर्वा फोनमध्ये म्हणाली. मग खाली न पाहताच, पर्समध्ये पासपोर्ट चाचपत म्हणाली, "आई, घे ना वं लवकर. अजून हात पण नाही लावला काय?"

रमाबाईंनी हात उचलले. पदराने तिचं पाऊल पुसून कोरडं केलं.

"लावतेच आहे," त्या म्हणाल्या, आणि स्प्लिंट उचललं.